दोन परवा

कागदोपत्री मी परदेशी आहे. जन्म भोरचा, शाळा भोरची, वडील भोरच्याच कचेरीत. पण पुढे तेहतीस वर्षं एका थंड देशात गणित शिकवलं आणि तिथलाच पासपोर्ट घेतला. निवृत्त झाल्यावर वर्षभर कुठेतरी बिनपगारी शिकवायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या मैत्रिणी आफ्रिकेची, नेपाळची नावं सुचवत होत्या. मी भोरशेजारच्या वेल्ह्याचं नाव घेतलं. भोरात वाढूनही मी त्या खोऱ्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा परदेश म्हणायला तेही चालण्यासारखं होतं.

तिथल्या विंझर गावात किराणा दुकानाच्या वरची खोली मिळाली आणि गुंजवण्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत इंग्रजीचे तास. व्हिसाची मुदत एप्रिलअखेरपर्यंत. पहिले आठ महिने मी बहुतेक चिडण्यात घालवले. मुलं एका सुरात ओरडून उत्तरं देत, एसटी तिला वाटेल तेव्हा येई, आणि गावातलं कुणीही रस्त्यात थांबवून "बाई, जेवला का?" विचारी. तिकडे असं विचारणाऱ्याला मी भोचक म्हटलं असतं. संक्रांतीनंतर मात्र कुणी विचारलं नाही तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आता साडेतीन महिनेच उरले होते आणि मी मजेत होते.

त्याच सुमाराला काकी माझ्याकडे आली. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी ती. सगळी शाळा तिला काकी म्हणते म्हणून मीही म्हणायला लागले, जरी ती माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान आहे. पदराला हात पुसत दारातच उभी राहिली.

"बाई, म्या दहावीचा फारम भरलाय. बाहेरून. मला इंग्रजी शिकवाल का?"

सतरा वर्षांपूर्वी ती इंग्रजीत गेली होती. लगेच लग्न झालं आणि विषय संपला. पण संपला कुठला? शाळेचा कागद असो, बचत गटाचं रजिस्टर असो, शिक्षणाच्या रकान्यात 'दहावी नापास' असं लिहावं लागे. घरात तिनं जरा काही मत दिलं की दीर हसून तेच दोन शब्द म्हणे.

"बाकी कायबी नगं मला," ती म्हणाली. "नापास म्हंतात ना, त्यातला निस्ता 'ना' काढायचाय."

बाकीचे विषय ती मुलीच्या पुस्तकांवरून करत होती. इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. मुलं जेवून वर्गात गेली की आम्ही स्वयंपाकाच्या खोलीत बसायचो. मी पाटावर, ती पालथ्या पातेल्यावर. तिला शब्द पटकन पाठ होत, पण एक गोष्ट काही केल्या सुटेना. 'ती आली नाही' याचं ती नेहमी 'शी डिड नॉट केम' करायची.

"केम नाही गं, कम. 'डिड' मध्ये भूतकाळ येऊन गेला ना? पुन्हा कशाला?"

"म्हंजी मीठ एकदाच घालायचं म्हना की."

"अगदी बरोबर!"

आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा दोनदा मीठ. मी कपाळाला हात लावायची, ती खो-खो हसायची.

एकदा तिनं विचारलं, परवाला इंग्रजीत काय म्हणतात. मी म्हटलं, दोन आहेत, होऊन गेलेल्या परवाला एक आणि यायच्या परवाला दुसरं. तिनं डोळे बारीक केले.

"दोन कशाला? आमचं एकात भागतंय."

"मग ऐकणाऱ्याला कळणार कसं, मागची की पुढची?"

"म्होरचं बोलनं ऐकायचं. परवा गेलते म्हनलं की मागची, परवा जानार म्हनलं की म्होरची. येवढं कळत न्हाई व्हय?"

मी मान डोलावली. परवाची मेख क्रियापदात असते, हे मी तिला शिकवण्याऐवजी तिनंच मला शिकवलं. ते मी लक्षात ठेवायला हवं होतं.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा होती. काकीचं माहेर भोरजवळचं उत्रोली, फॉर्म तिथूनच भरलेला, म्हणून केंद्र भोरला आलं होतं. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती, पण समोर साहेब बसला की तोंडाला कुलूप लागतं, असं ती दहादा सांगायची. मी येईन तुझ्याबरोबर, दाराबाहेर उभी राहीन, असा शब्द मी तिला दिला होता. तारीख तेवढी कळायची होती. गुरुवारी ती भावाच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी उत्रोलीला गेली. शनिवारी दुपारी माझ्या मोबाईलवर तिचा मेसेज आला.

'तोंडी परवा. भोर.'

मी वाचलं आणि माझा पारा चढला. परवा म्हणजे गुरुवारी! साखरपुड्याचं निमित्त सांगून गेली आणि परस्पर तोंडी देऊन आली. मला एका शब्दानं सांगितलं नाही! मी उत्तरसुद्धा पाठवलं नाही. रविवारभर तोंड फुगवून बसले आणि सोमवारी पहिल्या एसटीनं माझ्या परतीच्या कागदांसाठी पुण्याला निघून गेले.

साडेअकरा वाजता कचेरीतल्या रांगेत असताना फोन वाजला.

"बाई, कुठं हाय तुमी? म्या नऊपासनं भोरच्या स्टँडवर हाय."

"कशाला?"

"कशाला काय? तोंडी न्हाई का! बाराला बोलावलंय."

"तोंडी परवा झाली ना तुझी?"

"झाली कशानं? परवा हाय म्हनून कळवलं की तुमाला!"

"'हाय' कुठं लिहिलंस तू?"

तिनं फोनच बंद केला.

रांग सोडून मी स्वारगेट गाठलं. बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःला शिव्या घालत होते. सतरा वर्षं ज्या दोन शब्दांनी तिला डिवचलं होतं, त्यांच्यावर मी माझ्या फुगलेल्या तोंडाची भर घातली होती. एक साधा प्रश्न विचारला असता तर? पण मला राग आला की प्रश्न सुचत नाहीत. मला खूप लाज वाटत होती.

भोरला पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. केंद्राच्या पायरीवर काकी बसली होती. मला बघून उठली नाही.

"झाली?" मी विचारलं.

"झाली."

"कशी?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. "तुमची वाट बगून उशीर झाला. आत गेले तर त्यो साहेब तडकून इंग्रजीत म्हनला, उशीर का? मला आदीच तुमचा राग आलता. म्या बोलून टाकलं, आय वेटेड फॉर माय टीचर. शी डिड नॉट कम."

"काय म्हणालीस?"

"डिड नॉट कम!" आता ती उभीच राहिली. "बाई, मीठ एकदाच पडलं! त्यो गुड म्हनला. मग सगळं भडाभडा बोलले."

मी तिथंच, परीक्षा द्यायला आलेल्या सगळ्या पोरांसमोर, तिला मिठी मारली आणि रडले. तेहतीस वर्षांत माझ्या कुठल्या वाक्याचा कुणाला एवढा उपयोग झाला नसेल, जेवढा माझ्या न येण्याचा झाला. स्टँडवर आम्ही मिसळ खाल्ली. पण तिनं मला लगेच माफ केलं असं कुणी समजू नये. दोन दिवस माझ्या ताटलीत करपलेली खिचडीच पडत होती.

मार्चमध्ये लेखी पेपर झाले. एप्रिलमध्ये पालापाचोळा जाळून भातरोपांच्या जागा भाजायला सुरुवात झाली, आणि सकाळी शाळेत जाताना खोऱ्यातल्या प्रत्येक तुकड्यातून धूर निघताना दिसे. मुलं वर्गात खोकत आणि एका सुरात ओरडून उत्तरं देत. मला आता ते आवडत होतं. निकाल लागायच्या आधी मला जावं लागणार, एवढंच काय ते खुपत होतं. शेवटच्या आठवड्यात पातेलं घासता घासता काकीनं विचारलं, "कवा निघायचं?"

"परवा."

"परवा आलात न् परवा चाललात," ती म्हणाली.

"अगं, वर्ष झालं मला येऊन."

"आमच्यात मागलं सगळं परवाच." आणि ती पातेलं जरा जास्तच जोरात घासायला लागली.

निकाल लागला तेव्हा मी थंड देशातल्या माझ्या स्वयंपाकघरात चहा करत होते. मोबाईलवर गुणपत्रिकेचा फोटो आला. इंग्रजी, एकेचाळीस. खाली मोठ्या अक्षरात, पास. मी एकटीच ओरडले. शेजारच्या बाईनं भिंतीवर टकटक केलं, ते मी खुशाल ऐकून घेतलं.

मागोमाग तिचा मेसेज आला.

'पेढे परवा. विंझर.'

या वेळी मी शहाणी झाले होते. लिहिलं, 'काकी, क्रियापद कुठंय?'

बराच वेळ ती पलीकडे टाइप करते आहे असं दिसत राहिलं. एका बोटानं लिहिते ती. मग दोनच शब्द उमटले.

'येनार ना?'

काढलेला 'ना' तिनं टाकून दिला नव्हता. मी 'येणार' असं लिहून पाठवलं, चहाखालचा गॅस बंद केला आणि व्हिसाच्या अर्जाचे जुने कागद शोधायला लागले.