पन्नाशीतला पाळणा

पन्नासावा वाढदिवस सिंगापूरला करायचा, असं मी पहिल्यांदा बोलले ते कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका टेलरच्या दुकानात. दुकान माझ्या मैत्रिणीचं. शिवणकाम तिला अब्बांकडून आलं, आणि माझा ब्लाउज ती टेप न लावता बेतते. तिच्यासमोरच्या खुर्चीत आमची तिसरी बसली होती. तिला जवळच्याच गडमुडशिंगी गावात दिलेली, घरी म्हशींचा गोठा, आणि आवाज असा की ती गोठ्यात बोलली तर रस्त्यानं जाणारा माणूस थांबून “मला काय?” म्हणून विचारतो. आम्ही तिघी शाळेत एका बाकावर बसायचो, आणि बाक सुटला तरी आम्ही सुटलो नाही.

मी मुलांची मेस चालवते. बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं माझ्याकडं दोन वेळा जेवतात. माझं अंग लहानपणापासून भरलेलं आहे, चांगलंच भरलेलं. हे आधीच सांगते, कारण पुढं जे घडलं ते त्यावरूनच घडलं.

सिंगापूर म्हटल्यावर टेलरबाईनं मशीन थांबवली. मुडशिंगीकरणीला मी विचारलं की म्हशींचं कसं करणार. ती म्हणाली, “सून काढंल की धारा. मी काय म्हशींसंगं लगीन लावलंय?”

झालं, ठरलं. कोल्हापुरातल्याच एका टूरवाल्याबरोबर आम्ही निघालो. बाकी सगळी जोडपी, आणि नवऱ्यांशिवाय आलेल्या आम्हीच तिघी. विमानात मुडशिंगीकरणीनं भडंगाची पिशवी फोडली आणि मागच्या दोन रांगांपर्यंत वाटली. पहिला दिवस शहर बघण्यात गेला. तोंडातून पाणी टाकणारा दगडी सिंह बघून सगळे फोटो काढत होते, तर ही विचारत होती की एवढ्या पाण्यात त्याच्या अंगावर शेवाळ कसं नाही, रोज घासतं कोण. टेलरबाई मेट्रोत शेजारच्या बाईच्या कुर्त्याची शिलाई निरखत बसली.

दुसऱ्या दिवशी माझा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी थीम पार्क. एका गल्लीत राजवाडा, वळून गेलं की वाळवंट, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारे निळे लोखंडी रूळ. त्या रुळांवरून माणसांनी भरलेली गाडी उलटी होऊन जात होती आणि किंचाळ्या आमच्यापर्यंत येत होत्या. मी नेहमीचं वाक्य बोलले, की तुम्ही दोघी जाऊन या, मी पिशव्या सांभाळते, मला चक्कर येते.

मला कधीच चक्कर येत नाही. दहा-अकरा वर्षांची असताना जत्रेत पाळण्यात बसले होते. पाळणेवाल्यानं खालूनच माझ्या वडलांना हाक मारली, “पावणं, पोरगीला उतरवा, पाळणा कलतोय.” रांगेतले सगळे हसले. वडलांनी मला उतरवून घेतलं आणि भजी घेऊन दिली. त्यानंतर मी कुठल्याच पाळण्यात बसले नाही. मैत्रिणींच्या चपला, जावांच्या पर्सा, पुढं माझ्याच पोरांचे स्वेटर, जत्रेतलं सगळं सामान मांडीवर घेऊन मी खाली बसायची. सगळ्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं की कुणी विचारायचंही नाही.

इथं मात्र पिशव्या ठेवायला भिंतीत कप्पे होते. टेलरबाईनं माझ्या हातातली पिशवी काढून कप्प्यात टाकली आणि शांतपणे विचारलं, “तुला खरंच चक्कर येते?”

मी नाही म्हणाले.

“मग चल,” ती म्हणाली.

रांग पुढं सरकत गेली. गाडीत बसलो. खांद्यांवरून लोखंडी कठडा खाली आला, आणि त्याच्या मधला पट्टा खालच्या खाचेत अडकवायचा होता. दोघींचे पट्टे लागले. माझा चार बोटं कमी पडला. तिथं काम करणारी एक पोक्त बाई आली, तिनं कठडा दाबला, पुन्हा दाबला. मी पोट आत घेतलं, श्वास धरला. नाहीच. बाई अगदी नरमाईनं सॉरी म्हणाली. सगळी गाडी आमच्यासाठी थांबलेली होती. मी मान खाली घालून उतरले आणि दोघींना म्हणाले की तुम्ही जा, मी खाली थांबते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तर मुडशिंगीकरीण कठडा हलवायला लागली. तो उघडेना, तेव्हा तिनं हातानं खूण करून बाईला उघडायला लावला. दोघीही उतरून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. गाडी आमच्याविना गेली. मग मुडशिंगीकरीण त्या बाईकडं वळली आणि गोठ्यातल्या आवाजात, अस्सल कोल्हापुरीत म्हणाली, “ही न्हाय बसली तर आमी बी न्हाय. आज हिचा बर्थडे हाय, कळलं?”

त्यातला एकच शब्द त्या बाईला कळला. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, “बर्थडे? टुडे?” मी मान हलवली. माझे डोळे भरले होते, ते तिला दिसले असणार. तिनं कुणाशी तरी बोलून घेतलं आणि गाडीची मधली रांग जिथं येऊन थांबते तिथं आम्हाला नेऊन उभं केलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मला एवढं समजलं, की मोठ्या अंगाच्या माणसांसाठी त्या रांगेत वेगळी सीट असते. म्हणजे माझ्यासारखी माणसं तिथं रोज येत होती, आणि त्यांच्यासाठी जागा करून ठेवलेली होती.

पुढची गाडी आली. मी बसले आणि सवयीनं पुन्हा श्वास धरला. टेलरबाई शेजारच्या सीटवरून म्हणाली, “श्वास सोड. तुझं माप मला माहीत हाय. बसतंय.”

मी श्वास सोडला. बाईनं एकदाच दाबलं आणि खटका बसला.

गाडी चढायला लागली. वर वर, जत्रेतल्या कुठल्याही पाळण्याच्या कितीतरी वर. समुद्र दिसला, त्यात उभी असलेली जहाजं दिसली. माथ्यावर क्षणभर सगळं थांबलं आणि मग गाडी खाली कोसळली. त्या वेळी मला वजनच नव्हतं. जे अंग मी जन्मभर दारातून, बसमधून, लोकांच्या नजरेतून सांभाळून नेलं, ते हवेत होतं, पिसासारखं. मी ओरडले की हसले ते सांगता येणार नाही, पण डोळे मी एकदाही मिटले नाहीत. उलटं झालेलं आभाळ बघितलं, झाडांचे शेंडे पायांच्या जागी बघितले. एका बाजूला टेलरबाई खदाखदा हसत होती. दुसऱ्या बाजूला मुडशिंगीकरणीचा आवाज पूर्ण बंद. ती डोळे घट्ट मिटून ओठांतल्या ओठांत अंबाबाईचं नाव घेत होती.

उतरलो तेव्हा ती पोक्त बाई टाळ्या वाजवत होती. तिनं विचारलं, “अगेन?” मी म्हणाले, “अगेन.” मुडशिंगीकरीण म्हणाली, “तुमी जावा. मी हितं बसतो.” ती बाहेरच्या रेलिंगला धरून बसली, आणि आम्ही दोघी पुन्हा गेलो.

संध्याकाळी हॉटेलात टूरवाल्यानं केक आणला होता. कापून झाला आणि मुडशिंगीकरणीनं सगळ्या जोडप्यांना हकिकत ऐकवली. तिच्या हकिकतीत तिनं डोळे सताड उघडे ठेवले होते आणि भ्यायलो होतो आम्ही. आम्ही माना डोलावल्या. ज्या दोन-तीन नवऱ्यांनी त्या गाडीकडं लांबूनच बघितलं होतं, ते केक खाली बघून खात होते.

राहिलेल्या दिवसांत त्या शहरात जे जे वर जातं, त्यात मी बसले. समुद्रावरून जाणाऱ्या दोरीच्या डब्यात, नदीकाठच्या प्रचंड चाकात, उंच झाडांमधल्या झुलत्या पुलावर. सगळीकडं आधी जाऊन विचारायची, मला बसेल अशी जागा कुठली. विचारताना लाज वाटत नव्हती. लोक जागा दाखवत होते आणि मी बसत होते.

शेवटच्या दिवशी एका उंच इमारतीच्या गच्चीवरून सगळं शहर बघताना घरून फोन आला. मेसचा भात आज गिच्च झाला, पोरं कुरकुरली, असं नवऱ्यानं सांगितलं. मग त्यानं विचारलं, टूरवाल्यानं ग्रुपवर फोटो टाकलाय, त्या उलट्या गाडीत खरंच तू आहेस का. मी म्हणाले, “मीच हाय की. मधल्या रांगेत बघ, हात वर केलाय.”