कांदाचाळीतली शिट्टी

आधीच सांगते, कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही. सासरच्या माणसांचं तर मुळीच नाही. पण आमच्या नणंदबाईंचं, पंकजाचं, सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

आमचं घर पुणतांब्यात. पंकजा जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. शिर्डीला विमानं यायला लागली तेव्हा आमची एक म्हैस डोक्यावरनं विमान गेलं की पान्हा चोरायची. मी विमानाला शिव्या घालायचे, आणि पंकजा विमान एवढं का ओरडतं ते शोधत बसायची. त्यातच तिनं डॉक्टरेट करायला घेतली. ज्याची त्याची खोड.

तिनंच मला समजावलं. विमानाच्या इंजिनाला आतून अस्तर असतं, आपल्या ब्लाउजला असतं तसं. वर बारीक भोकांचा पत्रा, मागं मधाच्या पोळ्यासारखे कप्पे. आवाज भोकात शिरतो, आतबाहेर घासतो आणि दमून जातो.

"मग झालं की," मी म्हणाले.

"कुठलं झालं वहिनी? इंजिनात हवा गप बसती व्हय? ती पत्र्यावरनं खवळून धावती, भोवरे करती. आवाज आन् वारं एकमेकात गुंततं. मग जे भोक आवाज गिळत हुतं, तेच शिट्टी मारायला लागतं."

पेनाच्या टोपणावर फुंकर मारली की वाजतं, तसंच काहीसं असणार. तर हीच शिट्टी तिच्या मुळावर आली.

प्रयोगाला लांबलचक जागा लागते, ती कॉलेजात मिळेना. कांदे साठवायची आमची कांदाचाळ रिकामीच होती. तिथं तिनं लाकडी बोगदा उभारला. एका टोकाला मोठा पंखा आणि कर्णा, मधे अस्तराचा पत्रा, आजूबाजूला माईक. पंखा बंद असला की पत्रा कर्ण्याचा आवाज मुकाट पिऊन टाकायचा. पंखा लावला की असा किंचाळायचा की माझं डोकं उठायचं. तिनं पत्रे बदलले, भोकं लहान केली, मोठी केली. शिट्टी काही जाईना. विद्यापीठानं मुदत वाढवून वाढवून शेवटी हात टेकले. तिचे सर आणि बाहेरचे एक प्राध्यापक येऊन बघणार, शिट्टी थांबली नसेल तर नाव रद्द. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

त्या दिवशी पंकजा दोघांना आणायला स्टेशनवर गेली. नवा पत्रा चाळीत टेबलावर होता. आमच्या सासूबाई, गोजरबाई, म्हणजे एक वल्ली. आमच्या घरात ट्रॅक्टर असो की मिक्सर, कुंकू लागल्याशिवाय चालू होत नाही. त्यांनी तेलात कुंकू कालवलं आणि पत्र्याच्या एका कडेला ओळीनं चांगली ठसठशीत स्वस्तिकं काढली. मी गोठ्यातून आले तोवर त्या कडेची भोकं बुजलेली.

"आत्याबाई, हे काय करून ठेवलं तुमी?"

"काय केलं? बिनपूजेचं यंत्र चालवती ती, म्हनून तर बोंबलतंय ते."

मी नको नको ते बोलले. म्हातारी एवढंसं तोंड करून घरात निघून गेली.

तेवढ्यात पंकजा आलीच. पत्रा बघून तिचा चेहरा पांढराफटक. मी डिझेलचं फडकं तिच्या हातात दिलं. ती पुसायला वाकली आणि तिथंच थांबली. बुजलेल्या भोकांवरून बोट फिरवत स्वतःशीच म्हणाली, "वारं पहिल्याच भोकांवर अडखळत असंल. भोवरा तिथंच जन्मतो आन् पुढं मोठा व्हत जातो. जन्मायची जागाच बुजली तर?"

मग मला म्हणाली, "राहू दे वहिनी. असाच बसवायचा."

बाहेरचे प्राध्यापक हसले. "मॅडम, हे कसलं सॅम्पल?"

"सर, आधी बघा तर."

कुंकवाची कड तिनं पंख्याकडे ठेवली. कर्णा लावला, पंखा लावला. वाऱ्याची घरघर ऐकू येत होती, पण कर्ण्याचा आवाज उतरत गेला आणि शिट्टी आलीच नाही. माझ्या अंगावर काटा आला.

"योगायोग असेल," प्राध्यापक म्हणाले.

पंकजानं पंखा बंद केला, पत्रा सोडवला आणि उलटा फिरवला, कुंकू मागच्या टोकाला. पंखा लावताच शिट्टी कानठळ्या बसवायला लागली. परत फिरवला, शिट्टी गायब. शेवटी प्राध्यापकांनी स्वतःच्या हातानं पत्रा फिरवून बघितला. तेच झालं. मग ते कांद्याच्या क्रेटवरच बसले.

"फक्त पहिल्या ओळी बुजवायच्या," ते म्हणाले. "बाकी सगळी भोकं आपलं काम करत राहतात. आता मुदत मागू नका, प्रबंध लिहायला घ्या."

मला आभाळ ठेंगणं झालं. खोटं कशाला बोलू?

आणि गोजरबाई? शिट्टी वाजली तेवढीच त्यांनी घरातून ऐकली होती. चाळीच्या दाराशी तेच डिझेलचं फडकं घेऊन, रडवेल्या तोंडानं उभ्या होत्या.

"पंके, माझं चुकलं गं. आन इकडं, पुसून देती."

पंकजानं धावत जाऊन त्यांचा हात घट्ट धरला. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

"आये, हात लावू नको त्याला. मी हीच जागा हुडकत हुते गं."

म्हातारीला काही कळलं नाही. पण लेक गळ्यात पडली म्हटल्यावर त्याही रडल्या, आणि मग मीही.