चाल डळमळीत, वास येतो

पोलीस जमादारानं आनंदा शिंदेला माझ्या टेबलासमोर उभं केलं आणि म्हणाला, "साहेब, दारू पिऊन जीप चालवत होता. फॉर्म भरून द्या."

सकाळचे नऊ वाजले होते. उंब्रजच्या रस्त्यावर साखर कारखान्याच्या जीपनं बैलगाडीला मागून धडक दिली होती. गाडीवानाचा हात मोडला होता. तो बाहेर बाकावर कण्हत होता. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात नवा मेडिकल ऑफिसर. अनुभव चार महिन्यांचा, रुबाब चाळीस वर्षांचा.

दारूच्या केसमध्ये डॉक्टरनं एक छापील फॉर्म भरायचा असतो. वास येतो का, चाल कशी, बोलणं कसं, असे रकाने. मी आनंदाला खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं. तो झोकांड्या खात गेला. रमचा वास तर खोलीभर होता. 'चाल डळमळीत. वास येतो.' खाली झोकदार सही. मग रक्त काढलं. ते तपासायला पुण्याला जायचं, आणि वाटेत गोठू नये म्हणून बाटलीत चिमूटभर पावडर टाकायची असते. ती मी विसरलो.

आनंदा फौजेतून आलेला माणूस. साहेब लिहितोय म्हटल्यावर ताठ उभा राहिला.

पोलिसांनी लायसन जप्त केलं. कारखान्यानं त्याच दिवशी सस्पेंड केलं. त्याच्या मुलीची सोयरीक औंधला जमत आली होती. तिकडून निरोप आला, बेवड्याची पोर नको. पाच महिन्यांनी पुण्याचं उत्तर आलं, रक्त गोठलेलं, तपासता येत नाही. म्हणजे सगळी केस आता माझ्या दोन ओळींवर उभी.

कोर्टाच्या तारखेआधी आठ दिवस त्याची बायको हौसाबाई दवाखान्यात आली. केसपेपर न काढता थेट टेबलाशी.

"आवं डाक्टर, तुमी त्यांची तुमान वर करून बगितली व्हती का?"

नव्हती. पासष्टच्या लढाईत उजव्या गुडघ्यात गोळ्याचा तुकडा घुसला होता. थंडीत गुडघा धरायचा, म्हणून फौजी कँटीनची रम तो रोज सकाळी पायाला चोळायचा. प्यायचा तो फक्त रविवारी, असं ती म्हणाली. खरं-खोटं मला सांगता येईना, कारण मी त्याच्या तोंडापाशी नाक नेलंच नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. गुडघा पाहिला. निम्मासुद्धा वाकत नव्हता. त्या दिवशी पाय ब्रेकवर पोचलाच नाही, हे त्यानं खाली बघत कबूल केलं. मग म्हणाला, "कोर्टात पायाचं काडू नका, साहेब. दारुडा म्हनले तर लायसन सा म्हैन्यांनी परत मिळंल. लंगडा म्हनले तर कवाच न्हाई."

आतून हौसाबाईनं विचारलं, "आन पोरीचं?"

त्यानं विजार गुडघ्यावरून खाली ओढली. मी चहात तोंड घातलं.

कोर्टात शपथेवर मी सांगितलं, वास होता, पण तोंडाचा की कपड्यांचा ते पाहिलं नाही. चाल डळमळीत होती, पण पाय तेव्हा तपासला नव्हता. आता तपासला आहे. उजवा गुडघा ब्रेक दाबण्याच्या लायकीचा नाही.

मॅजिस्ट्रेटांनी चष्मा काढला. "डॉक्टर, मग त्या दिवशी तुम्ही नेमकं तपासलंत काय?"

वकील मंडळी हसली. मीही हसलो असतो, पण समोर पिंजऱ्यात आनंदा उभा होता आणि तो माझ्याकडंच बघत होता.

दारूच्या आरोपातून तो सुटला. गाडीवानाला जखमी केल्याचा दंड झाला, तो व्हायलाच हवा होता. लायसन मात्र पायापायी कायमचं गेलं. कारखान्यानं गेटवर वॉचमन म्हणून घेतलं. दारूच्या आरोपातून सुटल्याची बातमी औंधला पोचली तेव्हा त्या मुलाच्या हळदीचे डाग निघून गेले होते.

वर्षभरानं कामगारांच्या तपासणीला कारखान्यावर गेलो. गेटवर आनंदा. माफीची वाक्यं मी एसटीत जुळवून आलो होतो. पहिलं निम्मं झालं तोच तो म्हणाला, "आत जावा साहेब. मानसं खोळंबल्यात."

दारूच्या त्या फॉर्ममध्ये 'तपासलं नाही' असा रकाना नाही. मी आता ते समासात लिहितो. फौजदार वैतागतात.