ढकलून कुणी पोहायला शिकत नाही

चाळिशी उलटल्यावर मला पोहायला शिकायचं होतं. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. माहेरी भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. पुढं धाराशिवच्या एका शाळेत शिक्षिका झाले, मुलगी वाढवली, ती शिकायला बाहेरगावी गेली. मग कुठं स्वतःची हौस आठवली.

दिवाळीच्या सुट्टीत कळंबकडं सासरच्या गावी गेलो होतो. पाऊस चांगला झालेला, शेतातली विहीर तुडुंब. माझे धाकटे दीर गावातले पट्टीचे पोहणारे. त्यांना म्हटलं, "भाऊजी, मला पोहायला शिकवा. पण आधी श्वास कसा घ्यायचा, तोल कसा धरायचा, तेवढं सांगा."

"त्यात सांगायचं काय वहिनी? पाण्यात पडलं की हातपाय आपोआप हालतेत. म्हशीला कुणी शिकवतंय का?"

मी ओढणी कमरेला बांधून शेवटच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले. "पाय टेकत नाहीत तिथं थांबायचं कसं?" असं विचारत होते, तेवढ्यात पाठीवर हात पडला आणि मी आत गेले. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढं हिरवा अंधार, पायाखाली काहीच नाही. दिरांनी लगेच उडी मारून मला पायरीवर आणलं, हे खरं. पण मी खोकत, ओकत बसले होते आणि वर काठावर माझा नवरा मोबाईलवर ते सगळं टिपत हसत होता.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला. खाली हसणारे चेहरे पाठवायला नणंदा-भाचरं सगळी हजर.

जेवताना दीर म्हणाले, "पहिल्यांदा असंच होतंय. अजून दोनदा ढकललं की येतंय बघा."

"मी पहिलीच्या पोराला एकदम निबंध लिहायला बसवत नाही, भाऊजी. आधी अक्षर गिरवून घेते."

"चेष्टा केली गं," नवरा म्हणाला. "एवढं काय मनावर घ्यायचं?"

मला दिरांपेक्षा त्याचाच राग जास्त आला. कारण पुढं कितीतरी दिवस अंघोळ करताना तोंडावर पाणी घेतलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. ज्या गोष्टीची लहानपणापासून ओढ होती, तिची भीती बसवून दिली माणसांनी, आणि वर त्याला चेष्टा म्हणायचं.

उन्हाळ्यात मी नवऱ्याला न विचारता धाराशिवातल्या तरणतलावावर बायकांच्या वर्गात नाव घातलं. शिकवायला एक निवृत्त क्रीडाशिक्षिका होत्या. पहिल्या दिवशी मी हात कसे मारायचे ते विचारलं, तर म्हणाल्या, "हात राहू द्या. तोंड पाण्यात घाला आणि नाकानं हवा सोडा. वर येऊन तोंडानं घ्या. हे जमेपर्यंत दुसरं काही नाही."

कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून आम्ही बायका नुसते बुडबुडे सोडत होतो. नवरा घरी विचारायचा, "आज किती बुडबुडे?" मी ओले कपडे वाळत घालायला निघून जायचे. मग बाईंनी कठडा सोडून पालथं तरंगायला शिकवलं. आणि तरंगताना पुन्हा उभं कसं राहायचं, तेही दाखवलं: गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, मग पाय टेकवायचे. इतकं साधं. पाय टेकत नसतील तर उताणं होऊन नाक वर ठेवायचं आणि निवांत पडून राहायचं. विहिरीच्या पायरीवर मी हेच तर विचारत होते. ते सांगायला किती वेळ लागला असता?

पुढच्या दिवाळीत त्याच विहिरीत उतरले, पलीकडच्या भिंतीला हात लावून परत आले. काठावर सगळं घर जमलं होतं. मी केस पुसत होते, तर दीर पाहुण्यांना सांगायला लागले, "म्या ढकललं म्हणून भीती मोडली वहिनींची. न्हायतर कशाला शिकल्या असत्या?"

पाहुणे माना डोलवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. त्या बांधावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"तू गप रे. तुला दोन उन्हाळे पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून सोडत व्हते. डबा काढला की बोंबलायचास. तुजा बाप दोरी धरून काठावर हुबा ऱ्हायचा."

"लहान व्हतो की आई," दीर कसनुसं हसले.

"लहान होता म्हणून तुम्हाला डबा," मी म्हटलं, "आणि मला धक्का. विचारलं होतं मी, भाऊजी. तोंडानं विचारलं होतं. तुम्हाला डबा बांधला होता, हे तरी सांगायचं."

ते खाली बघत आईजवळच्या शेंगा फोडायला लागले. नवऱ्यानंही मान खाली घातली. मला तेवढ्यानं बरं वाटलं नाही. आपल्याला कुणी हळूहळू, धरून शिकवलं, हे लपवायचं आणि दुसऱ्याला खोल पाण्यात लोटायचं, याला मर्दुमकी म्हणतात, याची चीड आली आणि अजून येते.

दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ, म्हणजे याच दिरांची बायको, हळूच म्हणाली, "ताई, मला बी शिकवता का?" मी तिच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि तिला बुडालेल्या पायरीवर बसवून म्हटलं, "तोंड पाण्यात घाल आणि नाकानं हवा सोड. बस, एवढंच."

वरून दीर काहीतरी सांगायला वाकले. तिनं ओलं तोंड वर केलं.

"तुमी घरला जावा," ती म्हणाली. "मी सावकाश शिकणार हाय."