दर वीस मिनिटांनी थाप

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सगळ्यांचा जीव नकोसा झाला होता. सकाळी आठनंतर नळाला गरम पाणी येत होतं, दुपारी दाराच्या कडीला हात लावायची सोय नव्हती, आणि खालच्या मजल्यावरची माझी मावशी व्हरांड्यात खुर्ची टाकून, दोन्ही पाय उन्हात सोडून म्हणत होती, "आत्ता कुठे जरा बरं वाटायला लागलंय."

मी वरच्या मजल्यावर राहते. शाळेत शिकवते, आणि उकाड्यात मी माणसात नसते हे माझे विद्यार्थीसुद्धा सांगतील. मावशीचं हे वाक्य कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण तिला बोलणार तरी कसं? बाईने अठ्ठावीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये काढलेली. उणे अठराच्या खोलीत मटाराची, मासळीची, आइस्क्रीमची खोकी रचायची, तपासायची, बाहेर काढून द्यायची. अंगात जाड कोट, कानटोपी, हातात एकावर एक दोन मोजे. बाहेर लोक घामाने निथळत असायचे आणि ही नाक लाल करून कामावरून घरी यायची. निवृत्त झाली त्या दिवशी तिने सगळ्यांना बजावलं होतं, "आता मरेपर्यंत मला कुणी गार हवा दाखवायची नाही."

आणि काका, म्हणजे मावशीचे यजमान, चौतीस वर्षं बेकरीत भट्टीवर. त्यांच्या भुवया इतक्या वेळा जळल्या की शेवटी त्यांनी उगवण्याचा नाद सोडला. नवरा विस्तवापुढे, बायको बर्फात. हे लग्न जमवणाऱ्या माणसाला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

पण लग्न जमलं ते चांगलंच जमलं. अडचण एवढीच की दोघांची गाठ पडायची नाही. काका पहाटे तीनला बेकरीत जायचे आणि बाराला परत यायचे. मावशी नऊला निघायची ती संध्याकाळी सातला उगवायची, आणि आठ वाजता काकांचे डोळे मिटायला लागायचे. जेवणाचा तेवढा एक तास हातात. काकांची सुट्टी सोमवारी, कारण रविवारी पावाला गर्दी. मावशीची रविवारी. मुलगी त्यांनी धावण्याच्या शर्यतीतल्या काठीसारखी एकमेकांच्या हातात देत देत वाढवली, आणि ती चांगली निघाली. या सगळ्यात मावशीने एकच गोष्ट मागितली होती. म्हातारपणी दुपारची जेवणं झाली की दोघांनी शेजारी आडवं पडायचं आणि झोप लागेपर्यंत बोलत राहायचं. बास. दुसरं काही नको.

दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाली. मावशीने दुपारसाठी नवी चादरसुद्धा आणली. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. बेकरीच्या मालकाने निरोपाच्या दिवशी काकांना विचारलं, "चौतीस वर्षं भट्टीपुढे उभे राहिलात, काय देऊ तुम्हाला?" काका म्हणाले, "गारवा द्या." मालक दिलदार निघाला. दुसऱ्या दिवशी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि झोपायच्या खोलीत एसी बसवून गेली.

काकांनी अख्ख्या गल्लीला बोलावून एसी दाखवला. मावशीने फक्त दारातून बघितला.

"जिच्यातून सुटायची मी अठ्ठावीस वर्षं वाट बघितली, ती हवा तुम्ही घरात आणलीत?"

"अगं, अठरावर ठेवतोय. उणे अठरा नव्हे, नुसते अठरा!"

"गारठा तो गारठा."

"आणि भट्टीचं काय? चौतीस वर्षं भाजून निघालोय मी. दोन तास गार पडू दे की!"

मग रोज दुपारी एकच प्रकार. काका जेवणाआधी तासभर एसी लावून खोलीचं दार बंद करायचे. भट्टी आधी तापवतात तशी ही खोली आधी गार करायची. मधे कुणी दार किलकिलं केलं तरी ओरडायचे, "उघडू नका! फुगत आलेलं बसेल!" जेवण झालं की ते आत जायचे. मावशी पुढच्या व्हरांड्यात, पाय उन्हात. मधे बंद दार. नव्या चादरीची घडी मोडली ती एकट्या काकांसाठी.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण मावशी दर वीस मिनिटांनी उठायची, आत जायची आणि बंद दारावर तळहाताने तीन थापा मारायची. थापा म्हणजे अशा की भिंतीवरचं घड्याळ हलायचं.

"आत कोण?"

आतून काकांचा आवाज यायचा, "एक माणूस, ठीक!"

मग मावशी परत खुर्चीत. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. कोल्ड स्टोरेजमध्ये आत माणूस असला की बाहेरच्याने असं विचारायचं आणि आतल्याने असंच उत्तर द्यायचं, असा नियम होता. तो नियम मावशीने घरी चालू केला. झोपलेल्या माणसाला दुपारभरात सहा-सात वेळा उठवायचं, आणि तेही तो जिवंत आहे की नाही हे विचारायला! मी तिला दहादा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"ऐकलंस?" ती उलट मलाच म्हणायची. "आवाज बघ कसा येतो. धाप लागलीय. गारठ्याने होतं असं."

धाप लागल्यासारखा आवाज यायचा हे खरं. पण झोपेतून दचकून उठवलं तर कुणाला धाप लागणार नाही?

माझाही यात स्वार्थ होता, तो लपवत नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, वरच्या माझ्या घरात पंखा गरम हवा फेकत होता, आणि खाली एक अख्खी गार खोली होती. मी पेपरांचा गठ्ठा घेऊन काकांना म्हटलं, मी कोपऱ्यात बसते, हूं की चूं करणार नाही. इतका प्रेमळ माणूस, पण एकदम ताठर झाला. म्हणाले, "झोपताना कुणी बघितलेलं मला चालत नाही." मी बाहेरच्या खोलीत घाम पुशीत पेपर तपासत राहिले. त्या आठवड्यात मी मुलांना मार्क जरा हात आखडूनच दिले असावेत.

शेवटी एका दुपारी, त्या उन्हाळ्यातल्या सगळ्यात वाईट दुपारी, माझा बांध फुटला. मी मावशीला म्हटलं, "त्या माणसाने आयुष्यभर पहाटे तीनला उठून अख्ख्या गल्लीला पाव खाऊ घातला. त्याला आता एक दुपार धड झोपू देशील का नाही? आज थाप मारायची नाही. शपथ घे."

मावशी म्हणाली, "बरं."

ती आत येऊन माझ्याजवळ बसली. दोन्ही हात मांडीवर, जणू कुणीतरी धरून ठेवलेत. वीस मिनिटं झाली. तिने घड्याळाकडे बघितलं. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. पस्तीस मिनिटं झाली, आणि ती आपणहून बोलायला लागली.

"नवीन होते मी कामावर. जेवणाची सुट्टी झाली. दार लावायच्या आधी आत तोंड घालून ओरडायचं असतं, कुणी आहे का म्हणून. मला भूक लागली होती. मी नाही ओरडले. दार ओढलं आणि गेले."

"मग?"

"पॅकिंगला माझी मैत्रीण होती, ती मागच्या रांगेत खोकी लावत होती. आतून दार उघडायचा खटका असतो, तो बर्फाने धरला होता. पाऊण तासाने मी परत आले आणि दार उघडलं, तर ती दारालाच टेकून बसलेली. ओठ निळे. मी तिचे हात माझ्या पोटाशी धरून बसले, गाडी येईपर्यंत." मावशीने पदराने कपाळ पुसलं. "वाचली ती. अजून फोन करते मला, खूप हसवते. पण त्यानंतर वीस मिनिटांच्या थापेचा नियम झाला, आणि माझ्या पाळीत ती थाप मी दुसऱ्या कुणाला मारू दिली नाही. कुणालाच नाही."

मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मी हिच्या डोक्यावर राहत होते, येता-जाता हिची थट्टा करत होते, आणि हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, ऊठ. मार थाप."

ती इतक्या चटकन उठली की खुर्ची मागे पडली. तीन थापा.

"आत कोण?"

काही नाही.

"अहो! आत कोण?"

नुसती एसीची घरघर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मावशीने हँडल दाबून दार ढकललं. त्याला आतून कधी कडीच नव्हती, ते लगेच उघडलं, आणि बर्फासारखी हवा आमच्या तोंडावर आली. पलंग रिकामा. चादर अशी ताणून घातलेली की तिच्यावर कुणी बसल्याचीही सुरकुती नाही.

खोलीला मागे एक दार आहे. ते दोन इमारतींच्या मधल्या बोळात उघडतं. मावशी ते उघडून बाहेर गेली आणि मी तिच्या मागे. बोळात शेजारच्या भिंतीची सावली होती, जमिनीवर पाण्याचा शिडकावा केलेला होता, आणि तापलेल्या भिंतीला पाठ लावून, चटईवर, बनियन घामाने चिंब झालेला, तोंड उघडं, काका घोरत होते. असं सुखाचं घोरणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मावशीचा जीव भांड्यात पडला. ती उंबऱ्यावर बसली, दोन श्वास घेतले आणि त्यांच्या गुडघ्याला हात लावला. काका ताडकन उठले, डोळे न उघडता ओरडले, "एक माणूस, ठीक!" आणि धावत आत शिरायला निघाले ते थेट माझ्या अंगावर आदळले.

मग त्यांनी डोळे उघडले. आम्हाला बघितलं. मागचं दार बघितलं. पळायला जागा नव्हती.

"कधीपासून चाललंय हे?" मावशीने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे ती धाप..."

"मग काय! डोळा लागतो न लागतो तोच तुझी थाप. चपला सोडून आत धावायचं, श्वास सावरायचा, उत्तर द्यायचं, परत बाहेर. या वयात!" काका चटईच्या काठाशी चाळा करत होते. "गार खोलीत मला झोप येत नाही गं. हाडं वाजतात. चौतीस वर्षं भट्टीच्या भिंतीला पाठ लावून पिठाच्या पोत्यावर डुलक्या काढल्या. ती ऊब पाठीला नसली की चुकल्याचुकल्यासारखं होतं."

"आणि हे मला सांगायला काय झालं होतं?"

"कुठल्या तोंडाने सांगणार? मालकाने प्रेमाने दिला. गल्लीला बोलावून दाखवला. तुझ्याशी एवढा भांडलो. हात दाखवून अवलक्षण झालं सगळं."

मावशीने एकदा पुढच्या व्हरांड्याच्या दिशेने बघितलं, एकदा बोळाकडे, आणि मग मधल्या खोलीकडे, जिथे पंधरा दिवस कुणीच नसताना बर्फ पडत होता. "मी पुढे उन्हात, तुम्ही मागे घामात," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. काकांनाही आवरेना. दोघं इतकी हसली की समोरच्या इमारतीतल्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, काय झालं म्हणून.

"सरका," मावशी म्हणाली.

काका सरकले. ती चटईवर आडवी झाली, तापलेल्या भिंतीला तळपाय लावले आणि सुस्कारा टाकला. मला म्हणाली, "जा तू. बस तुझ्या त्या थंडगार खोलीत. आणि मागचं दार लोटून घे, नाहीतर गार हवा येईल आमच्या अंगावर."

मी गेले. पेपर घेतले, नव्या चादरीवर मांडी घातली, अठरावर. काय सांगू, स्वर्ग होता! चार पेपर मी हसतमुखाने तपासले आणि सगळ्यांना पास केलं.

मागच्या दाराआड दोघं बोलत होती. आधी आलटून पालटून, मग एकदमच. एसीच्या घरघरीत मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. मावशी त्यांना गोठलेल्या माशाच्या उघड्या डोळ्याबद्दल सांगत होती. काकांनी तिला पहिल्यांदा पाव करपवला त्या दिवसाची गोष्ट सांगितली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेली माणसं, आणि एकमेकांचा दिवस कसा जायचा हे आत्ता विचारत होती.

"आणि दुपारी दोन वाजता?" मावशीने विचारलं. "मी तिकडे खोकी रचत असायची तेव्हा तुम्ही काय करत असायचात?"

"दोन वाजता? दोन वाजता मी घरी जेवून झोपलेला असायचो. तुझ्या उशीवर. तुझी उशी असली की घर रिकामं वाटायचं नाही."

मावशी त्यावर काहीतरी म्हणाली, पण एसीने ते खाल्लं. मी उठून एसी बंद केला. सगळं एकदम शांत झालं, खोलीत उकाडा शिरायला लागला, आणि दाराच्या फटीतून मावशीचा आवाज स्वच्छ आला.

"मला माहीत होतं. रात्री डोकं टेकलं की पिठाचा वास यायचा. म्हणून तर मी तो अभ्रा लवकर धुवायला टाकायची नाही."