व्याह्यांचा वाटाणा

माझ्या व्याह्यांइतका डोकं उठवणारा सज्जन माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. सज्जन हा शब्द मी मुद्दाम लिहितो. माणूस लुच्चा असता तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण मुलीचे सासरे, त्यात स्वभावाने गोड. यांच्यावर रागवायचं तर 'अहो जाहो' करूनच रागवावं लागतं, आणि तसला राग कच्च्या डाळीसारखा पोटात बसून राहतो.

मी ढोलकीवाला. शाळा चौथीपर्यंत. पण येरवड्याच्या आमच्या गायन पार्टीत चाळीस वर्षं वाजवलं, आणि जयंतीच्या स्टेजवर माझ्या जागेवर दुसरा कोणी बसला नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, जरा जास्तच सुधारलं असं बायको म्हणते. उजव्या हाताची बोटं मात्र ऐकेनात. थाप मारायला जावं तर हात कातड्यावर नुसता पडतो, वाजत नाही. पार्टीने ऑक्टोपॅड आणला, काठ्यांनी बडवायचा. मी सांगून टाकलं, स्टेजवर चढेन तर माझ्या हाताने वाजवायला चढेन, नाहीतर खाली खुर्चीत बसून टाळ्या पिटायला येणार नाही. माझ्या बाजूने विषय संपला.

व्याह्यांच्या बाजूने तो तिथून सुरू झाला.

हे गृहस्थ वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले, आता बाकीचं जग तपासतात. मुलगी बघायला आमच्याकडे आले तेव्हा घरचे सगळे तिच्याकडे बघत होते आणि हे भिंतीवरच्या घड्याळाकडे. म्हणाले, "तीन मिनिटं पुढे आहे." मी म्हटलं, "आम्हीच ठेवलंय." "मग हरकत नाही. माहीत असलेली चूक चालते." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तर या माणसाने वयाच्या पासष्टाव्या वर्षी मुलाचा जुना लॅपटॉप घेतला आणि त्यावर ठेके बनवायला शिकला. मग म्हणे माझ्यासाठी एक पॅड घ्यायचं. पॅड म्हणजे पाटीएवढा डबा, वर रबराची सोळा चौकोनी घरं. घरावर बोट मारलं की कॉम्प्युटरमधून ठेवलेला आवाज निघतो. डब्यातून काहीच निघत नाही! मी म्हटलं, "पाव्हणं, ज्याला स्वतःचा आवाज नाही ते वाद्य कसलं?" ते म्हणाले, "तराजू तरी स्वतःचं वजन कुठे सांगतो?"

बाजारात असले डबे वीस तऱ्हेचे. दुसऱ्या कोणी बरा दिसला तो उचलला असता. व्याह्यांनी प्रत्येकाच्या मापाचा पुठ्ठा कापला, त्यावर पेन्सिलीने घरं आखली आणि खराडीच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले. माझी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सात महिने झाले. आम्ही सगळे मांडीवर ताट घेऊन जेवतोय. मी म्हटलं ऑनलाइन मागवते, तर म्हणाले, तपासल्याशिवाय?" मी गेलो की मला त्या पुठ्ठ्यांवर बोटं मारायला लावायचे. "पाहुणे, अंगठा पोचतो का? करंगळी आखडते का?" चाळीस वर्षं वाजवलेला माणूस, आणि पुठ्ठा वाजवतोय!

पण खरा अपमान पुढे झाला. एके दिवशी घरी आले ते लहानसा वजनकाटा घेऊन. "यावर एकेक बोट मारा." मी मारलं. त्यांनी काट्याकडे बघितलं, खिशातून सुका वाटाणा काढला, काट्यावर टाकला, पुन्हा उचलून जरा वरून टाकला. मग समाधानाने म्हणाले, "तुमची अनामिका म्हणजे वीतभर उंचीवरून पडलेला एक वाटाणा."

एक वाटाणा! ज्या बोटाने काढलेल्या 'ना' या बोलावर बायका घरातली कामं टाकून ओट्यावर यायच्या, त्या बोटाचं वजन एक वाटाणा! मी तीन दिवस त्यांचा फोन उचलला नाही.

चौथ्या दिवशी मला बळंच बुधवार पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने कॉम्प्युटरला जोडलेला एक डबा पुढे केला. व्याह्यांनी वीतभर उंची धरली आणि पहिल्या घरावर वाटाणा सोडला. घर दिव्यासारखं पेटलं, पण वाटाणा उडून काउंटरखाली गेला. दुसऱ्या घरावर दुसरा. तिसऱ्यावर तिसरा. दुकानदार म्हणाला, "काका, किराणा दुकान पलीकडच्या गल्लीत आहे."

"तपासतोय."

"बोटाने तपासा की. वाजतंय ते."

"वाजतंय हे ठाऊक आहे. ऐकतंय का ते बघतोय."

"गेल्या वेळचा एक वाटाणा अजून माझ्या स्पीकरमध्ये आहे. घ्यायचंय का नक्की?"

कोपऱ्यातलं एक घर पेटलं नाही. व्याह्यांनी डबा परत केला. "याचा कोपरा बहिरा आहे." मी मान खाली घालून बाहेर पडलो. चार दुकानं फिरलो. पाचव्यात सोळाच्या सोळा घरं पेटली.

डबा ते माझ्या घरी घेऊन आले, लॅपटॉपला जोडला आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, चहा तुमच्याबरोबर आत घेतो." मला एकट्याला सोडलं. मी हात लावणार नव्हतो. मग लावला. मेलेल्या अनामिकेने, नुसतं टेकवल्यासारखं.

'ना' वाजला. माझा. दुसऱ्या कोणाचा असता तर मी ओळखला नसता का?

पोरीच्या हळदीला मी वाजवलं होतं, त्याचं शूटिंग होतं. गाणं सुरू व्हायच्या आधी मी ढोलकी लावत बसलो होतो, एकेक थाप मारून. तेवढ्याच थापा मोकळ्या, बिनगाण्याच्या. त्यांनी त्यातल्या तेरा कापून तेरा घरांत ठेवल्या होत्या. "तुमचा हात मी तिथेच पहिल्यांदा ऐकला," आतून व्याह्यांचा आवाज आला.

मी डोळे पुसले आणि मग पुन्हा चिडलो. "आणि ही तीन रिकामी का?"

"ती आजच्या हाताला."

"आजच्या हातात आहे काय ऐकण्यासारखं?"

"ते या डब्यालाच ठरवू द्या. तुमच्यापेक्षा याचा कान तिखट आहे."

यंदाच्या जयंतीला माझी जागा ठेवा असं पार्टीला कळवलंय. काठीवाल्या पोराला सांगितलंय, जरा सरकून बस. रिकाम्या तीन घरांतलं एक गेल्या आठवड्यात भरलं. व्याह्यांनी ढोलकीला माइक लावला आणि मी हात टाकला. थाप अशी नाहीच ती. कातड्यावरून हात फिरल्याची नुसती सळसळ. मी म्हटलं, "पुसून टाका, पाव्हणं." त्यांनी डोळे मिटून चारदा ऐकली आणि म्हणाले, "हा आवाज तुमच्याकडे हळदीला नव्हता."

ती पुसली नाही. आता रोज सकाळी डबा पुढ्यात घेतो. तेरा घरं वाजवून झाली की बोट आपोआप चौदाव्यावर जातं.