वस्तरा गळ्यावर असताना

आमचे हे न्हावी. पण गल्लीतली मंडळी ह्यांना मास्तर म्हणतात, कारण लग्न ठरलेला पोरगा खुर्चीत बसला की ह्यांची शाळा भरते. तीही कधी? वस्तरा गळ्यावर आला की! तोंडभर फेस, मान मागे, हूं की चूं करायची सोय नाही. मग हे हळूच सुरू करतात, "घाई करू नकोस बाबा. तिला विचार. नको म्हणाली तर नको. तोंडाने हो म्हणाली पण अंग चोरून घेतलं, तरी नकोच समज." पोरांचे कान लाल होतात, पण उठून जातील कुठे?

शेवटी एक गोष्ट ठरलेली. "माझा एक मित्र होता. लग्न झालंय, आता विचारायचं कशाला, असं त्याला वाटलं. मग त्याची बायको अकरा महिने स्वयंपाकघराला आतून कडी लावून झोपली."

दुकानाच्या मध्ये एक जाड पडदा आहे. पुढे ह्यांची खुर्ची, मागे मी बायकांच्या भुवया कोरते. दोऱ्याच्या चटक्याने डोळ्यांत पाणी येतं, आणि एकदा ते आलं की बाकीचंही बाहेर पडतं. एक म्हणते, "वीस वर्षं झाली, पण मला काय आवडतं हे त्यांना ठाऊकच नाही." दुसरी म्हणते, "अगं, मला तरी कुठे ठाऊक आहे!" मग आम्ही हसतो, कधी कधी हसता हसता रडतोसुद्धा. पुढची शाळा बायकांनाही ऐकू जाते. चांगलंच आहे, जाऊ दे.

फक्त त्या मित्राची गोष्ट आली की माझं डोकं फिरायचं. दोऱ्याचं टोक दातांत असायचं, म्हणून तोंड बंद. मित्र म्हणे! तीस वर्षं तो मित्र मी ऐकून घेतला.

गेल्या वर्षी गल्लीतल्या कंत्राटदाराच्या पोराची दाढी ह्यांनी केली आणि त्यालाही धडा दिला. पोरगा सरळ मनाचा. पहिल्या रात्री त्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, आज नको, फार दमलेय. हा म्हणाला बरं, आणि दोघं पत्ते खेळत बसले. तिने कौतुकाने बहिणीला सांगितलं, बहिणीने आईला, आणि आठ दिवसांत सगळ्या नात्यागोत्यात बभ्रा झाला की पोरात काहीतरी खोट आहे.

रविवारी सकाळी कंत्राटदार तणतणत दुकानात आला. बाकावर पाच-सहा माणसं बसलेली. दुकानाचा गाळाही त्याचाच.

"मास्तर, माझ्या पोराला नामर्द ठरवलंस तू! घराण्याची अब्रू गेली. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर हात जोड आणि सांग की हे असलं बोलणं बंद. नाहीतर महिनाअखेर गाळा खाली कर."

पडद्याच्या फटीतून मी बघत होते. आमचे हे मवाळ. कुणी पायावर पाय दिला तर हेच 'लागलं का' विचारतील. ह्यांनी वस्तरा खाली ठेवला, हात पुसले आणि जोडायला घेतले. "चुकलं असेल माझं, शेठ..."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाईची एकच भुवई झाली होती, तिला तशीच सोडून मी पडदा सारला.

"काय चुकलं तुमचं? बायकोला विचार म्हणालात, हे चुकलं?"

"वहिनी, तुम्ही आत जा," कंत्राटदार म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ माझी आहे. झाकायची की उघडायची, ते मी बघेन. हे त्या मित्राची गोष्ट सांगतात ना? तुमच्या पोरालाही सांगितली असेल. तो मित्र कोण, ते सांगते."

"थांब," आमचे हे म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात खाली आले होते. "मी सांगतो. तो मीच. ही एकोणीस वर्षांची होती. नको म्हणाली होती. मला ऐकू आलं होतं."

ऐकू आलं होतं, हे मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं त्यांनी.

कंत्राटदाराचा आवाज उतरला. "मग वहिनी, तुम्ही राहिलात कशा?"

"अकराव्या महिन्यात ह्यांनी दाराबाहेरून विचारलं, आत येऊ का? मी नाही म्हटलं, आणि हे मुकाट्याने परत गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. रोज विचारायचे, रोज परत जायचे. माझं 'नाही' चालतं, हे कळल्यावर मग मला 'हो' म्हणावंसं वाटलं. त्याआधी प्रेम कशाला म्हणतात, ते मला माहीत नव्हतं. आता तुमच्या घरात कुणी कुणाला कधी विचारलं की नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. हात मात्र हे जोडणार नाहीत."

"मग गाळा खाली करा," तो म्हणाला आणि निघून गेला. वाटलं होतं विरघळेल. कसला विरघळतोय!

केला खाली. महिनाअखेरीस खुर्ची, आरसे, बाक, सगळं हातगाडीवर चढवलं, घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडायला. भर दुपारी कंत्राटदाराचा पोरगा आला आणि गाडी ओढू लागला. आरसा छातीशी धरून त्याची बायको बरोबर चालत होती. सासऱ्याच्या दारावरून दोघं गेली, मान खाली न घालता.

आम्ही मागून चाललो होतो. हे म्हणाले, "चारचौघांत बोललो मी. तुला लाज वाटली असेल."

"वाटली होती ना," मी म्हटलं, "एकोणिसाव्या वर्षी. माझी चूक नसताना. आता नाही वाटत."

ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. भर रस्त्यात. मी पुसलं नाही. येऊ दिलं.